सेलिकाचं बॉनेट

उदगीरच्या शिवमूर्तीअप्पांनी जन्मभर लोकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडली, पण घरच्या एका गाडीचं बॉनेट उघडायचं म्हटलं की ते काहीतरी निमित्त काढून टाळायचे. ती गाडी म्हणजे टोयोटा सेलिका. लालभडक, दोन दारांची, लांब नाकाची. थोरल्या भावानं, सोमेशअण्णांनी, ब्याऐंशी साली मुंबईहून आणलेली. ती लातूरच्या रस्त्याला लागली की शेतातली माणसं हातातलं काम टाकून बांधावर येत. शेजारी बसलेल्या धाकट्या शिवमूर्तीची छाती उगाचच फुगायची. काय दिवस होते ते!

पुढं अण्णा काविळीनं दोन महिने लातूरच्या दवाखान्यात पडले. तेवढ्यात शिवमूर्तीनं त्यांना खूश करायला एक अचाट काम केलं. जपानी पेट्रोल इंजिन काढून भंगारात घातलं आणि मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा ॲव्हरेजसाठी जो तो हेच करायचा, वर हुशारी म्हणून मिरवायचा. अण्णा बरे होऊन आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडी मळणीयंत्रासारखी धडधडली. अण्णांनी किल्ली काढून धाकट्याच्या हातावर ठेवली आणि पुढची तीस वर्षं लातूरला एसटीनं गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत, म्हणून हाही बोलला नाही.

आणि आज गाडीचं ऐकून नांदेडहून कुणी तनुजा आली होती. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवणारी, जुन्या जपानी गाड्यांपायी खुळावलेली, सोबत तसलेच तीन दोस्त. गाडी बनली तेव्हा यांच्यातलं कुणी जन्मालाही आलं नव्हतं, तरी दारावरून हात फिरवताना चौघंही हळवी झाली. हल्लीच्या गाड्या आपल्या आपण चालतात, हिला माणसानं चालवावं लागतं, असं तनुजाचं म्हणणं. लातूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हिला सगळ्यांच्या पुढं उभं करायचं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फक्त एकदा इंजिन बघायचं होतं.

अप्पांनी दाराशी खुर्चीत बसलेल्या अण्णांकडं चोरून पाहिलं आणि बॉनेट उघडलं.

फोटो काढणाऱ्यानं फोन खिशात घातला. शेवटी तनुजानंच हळू आवाजात विचारलं, "हे कुणी केलं, अप्पा?"

अप्पांनी बॉनेटचा दांडा उगाच नीट केला. तोवर ऐंशी पार केलेले अण्णा काठी टेकत जवळ आले होते.

"म्या करायला लावलं," ते म्हणाले. "ह्यो नगंच म्हणत होता."

आपल्यासाठी अण्णा चारचौघांत खोटं बोलले, हे बघून अप्पांना भडभडून आलं.

"न्हाई, अण्णा. म्याच केलं. तुमाला न इचारता केलं. लई चुकलं माझं."

अण्णांनी काठी गाडीला टेकवून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"येवढंच ऐकायचं होतं रे," ते म्हणाले. "इंजिनाचं काय, ते कुठंबी मिळंल."