संध्याकाळची थंड चूल

गोरेगावच्या सरपण-बचतीच्या शिबिराहून चतुराबाई दोन गोष्टी घेऊन आली: एक छापील कागद आणि एक निश्चय. कागद तिला वाचता येत नव्हता, तो दोन दिवसांत हरवला. निश्चय राहिला. आठवड्याला चार मोळ्या लागत, त्या दोनवर आणायच्या. ते १९९९ साल. तांड्यामागचा माळ इतका बोडका झाला होता की सरपणाला दोन कोस जावं लागे, आणि मोळ्या वाहून तिची मान डावीकडे वळायची बंद झाली होती.

युक्ती साधी होती. दोन्ही वेळच्या भाकरी सकाळीच थापायच्या. दुपारी चहाच्या जाळावरच डाळीला उकळी द्यायची, झाकलेलं भांडं कापूस भरलेल्या टोपल्यात बसवायचं आणि वरून गोधडी दाबायची, म्हणजे आतल्या वाफेवरच ती शिजते. संध्याकाळी चूल पेटवायचीच नाही.

नवरा वसराम म्हणाला, शिजली तर खाऊ. सासरा धनसिंग तापानं आत पडून होता. त्यानं तिथूनच निकाल दिला, की टोपल्यापायी घराची एकदा जरी शोभा झाली तर टोपलं उकिरड्यावर. चतुराबाईनं कबूल म्हणून मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी.

शोभा पहिल्याच संध्याकाळी झाली.

दिवेलागणीला तांड्यातल्या घराघरातून धूर निघतो. ज्या घरात मढं पडतं त्या घरची चूल तेवढी पेटत नाही, तिथं शेजारणी भाकर नेऊन देतात. या घरातून सकाळी धूर होता, संध्याकाळी नाही, आणि म्हातारा दोन दिवस कुणाला दिसला नव्हता. म्हणजे म्हातारा दुपारी गेला, असं तांड्यानं धरलं. विचारायला कुणी आलं नाही. असलं काही विचारत नसतात. शेजारची रुख्मिणीबाई भाकरी-पिठलं घेऊन आली, मागं दहा-बारा बाया, आणि दारातच तिनं गळा काढला. लई मोठ्या दिलाचा माणूस, कुणाला तकलीफ दिली न्हाई, बैलाची पारख तर अशी की बाजार थांबायचा.

आत धनसिंग ऐकत होता. साठ वर्षांत त्याच्याविषयी असं कुणी बोललं नव्हतं. बैलांचं कौतुक पुरतं संपेपर्यंत तो थांबला, मग घोंगडी पांघरून दारात आला.

"काहून रडून राहिल्या? चूल इझली, मी न्हाई."

पिठलं सांडता सांडता राहिलं. शोभा झाली होती, तेव्हा वसराम टोपलं उचलायला वाकला. सासऱ्याशी सुनेनं तोंडावर बोलायची रीत नव्हती. चतुराबाईनं पदर ओढला आणि ती टोपल्याशीच बोलली.

"टोपल्या, आधी उघडून दाव. मंग खुशाल जा उकिरड्यावर."

गोधडी काढली तशी वाफ आली. डाळ बोटात धरली तर लोण्यासारखी. भाकरी आलेल्याच होत्या, बाया तिथंच जेवल्या. रुख्मिणीबाईनं दोनदा डाळ घेतली आणि कापूस किती लागला ते हळूच विचारून घेतलं.

धनसिंग निकाल बदलणाऱ्यातला नव्हता. त्यानं फक्त पोटकलम जोडलं: टोपलं राहील, पण दिवेलागणीला आपली बाज ओट्यावर पडली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून चतुराबाई ती टाकू लागली. येणाजाणाऱ्याला म्हातारा आपण होऊनच सांगायचा, "हाय मी. डाळ शिजून राहिली."

पोळ्यापर्यंत तांड्यात संध्याकाळी सहा ओट्यांवर सहा म्हातारे बसलेले दिसू लागले.