ढब्बूची गुरगुर

मुद्रितशोधकाला कुत्र्यांची भीती वाटायची, आणि ती साधीसुधी नव्हे. तो सात वर्षांचा असताना एका कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की तो पलीकडची बाजू धरायचा. आणि नशीब असं, की खालच्या मजल्यावर राहायला आल्या त्या सिस्टरबाई. पस्तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि सोबत वासराएवढा कुत्रा, ढब्बू.

पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. ते घरीच चालायचं, त्यामुळे डोळे कागदात आणि कान मोकळे. हौसेनं नव्हे, धास्तीपोटी त्याला ढब्बूचे सगळे आवाज पाठ झाले. दाराशी कोणी आलं की दणादण भुंकणं. जेवण लांबलं की नाकातून बारीक कुंईकुंई. चेंडू मिळाला की लाडिक, उंच सूर.

एकदा जिन्यात ढब्बू त्याच्यावर गुरगुरला, तेव्हा तो पालीसारखा भिंतीला चिकटला. सिस्टरबाई हसल्या नाहीत.

"गुरगुरतोय तोवर बरं आहे. लांब राहा, एवढंच सांगतोय तो. गुरगुरायचा थांबला आणि टक लावून बघायला लागला, की मात्र पळू नकोस. डोळ्यांत बघू नकोस. अंग तिरकं कर आणि गप्प उभा राहा."

"तुम्ही धीर देताय की घाबरवताय?"

"दोन्ही," असं म्हणून त्यांनी घराची जादा किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "एकटीचं घर आहे माझं. असू दे तुझ्याकडे."

एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास खालून जो आवाज सुरू झाला, तो त्याला अगदी अनोळखी होता. एकच भुंकणं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकच, शेवटाला चिरकलेलं. त्याने फोन लावला. खाली घंटी वाजताना त्याला वर ऐकू येत होती, पण कोणी उचलला नाही. बाजारात गेल्या असतील, असं मनाला समजावून तो पुन्हा कामाला बसला. एकच ओळ चारदा वाचली. शेवटी अर्धा जिना उतरून वाकून पाहिलं, तर बाईंच्या चपला दाराबाहेरच होत्या. तरी तो वर परत आला. किल्ली घ्यायला, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा. खरं तर किल्ली हातात घेऊन तो वीस मिनिटं खुर्चीवर बसून होता.

दार उघडलं तेव्हा ढब्बू बोळकांडीच्या मधोमध उभा होता. त्याच्या मागे, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, सिस्टरबाई कुशीवर पडलेल्या. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओघळलेलं. ढब्बू गुरगुरू लागला. मुद्रितशोधकाने एक पाऊल टाकलं.

गुरगुर थांबली.

 मुद्रितशोधकाच्या पोटरीतला जुना व्रण ठणकल्यासारखा वाटला. ढब्बूचं अंग ताठ, नजर ह्याच्यावर रोखलेली. सिस्टरबाईंनी कुत्र्याला काही तरी सांगितलं, पण शब्दांचा नुसता चिखल झाला होता. ढब्बूला त्यातलं काही कळलं नाही. मुद्रितशोधकाने अंग तिरकं केलं, नजर फरशीवर खिळवली आणि उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग ओलं नाक त्याच्या हाताला लागलं. बोटं जाणार, असं त्याला वाटलं. त्याऐवजी कुंईकुंई ऐकू आली, जेवणाच्या वेळची नव्हे, थरथरती. ढब्बू मागे वळून बाईंजवळ जाऊन बसला.

मुद्रितशोधकाने लगेच रुग्णवाहिका बोलावली. माणसं स्ट्रेचर घेऊन आली, तसा ढब्बू दात विचकून आडवा झाला.

"काका, आधी कुत्रा धरा. त्याशिवाय आम्ही आत येत नाही."

"माझा नाहीये तो."

"मग कोणाचा?"

उत्तर खाली फरशीवर पडलेलं होतं. मुद्रितशोधकाने डोळे मिटले आणि ढब्बूच्या गळ्यातल्या पट्ट्यात दोन्ही हात घातले. पट्ट्याखालची गुरगुर त्याला कोपरांपर्यंत जाणवत होती. स्ट्रेचर बाहेर जाईपर्यंत त्याने पकड सोडली नाही. ढब्बूनेही त्याचा चावा घेतला नाही.

सिस्टरबाई वाचल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर सगळ्यांनी मुद्रितशोधकाची पाठ थोपटली. त्या वीस मिनिटांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

दोन महिन्यांनी त्या काठी टेकत घरी आल्या. बोलणं अजून अडखळतं. तोवर ढब्बूचं खाणंपिणं ह्याच्याकडेच होतं आणि अजूनही दुपारचं ताट तोच खाली नेतो. ताट ठेवतो, दोन पावलं मागे सरतो आणि ढब्बूचं खाऊन होईपर्यंत एक हात दाराच्या कडीवर ठेवून उभा राहतो.