पांढरा शर्ट

शिवकांताबाईंनी चष्मा पदराला पुसला आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

“परत लावा, भाऊ.”

अरीबने व्हिडिओ परत लावला. पडद्यावर त्यांचा मुलगा सिद्धेश्वर तिसऱ्यांदा म्हणाला, “आई, अभ्यास छान चालू आहे. काळजी करू नको.” गालांवर लाली होती, डोळे पांढरे स्वच्छ.

लातूरच्या त्या क्लासमध्ये महिन्यातून एकदा होस्टेलच्या मुलांची अशी दोन-दोन वाक्यं टिपली जात. मुलं टवटवीत दिसली पाहिजेत, एवढीच ताकीद क्लासच्या सरांनी दिली होती. व्हिडिओचे रंग नीट करायचे आणि ज्याचा त्याच्या घरी मोबाईलवर धाडायचा, हे अरीबचं काम. व्हिडिओ ज्या नंबरावरून आला त्यावर फोन करून, पत्ता विचारत भोकरच्या शिवकांताबाई आज दवाखान्यातून थेट त्याच्या स्टुडिओत आल्या होत्या. सिद्धेश्वर चार दिवसांपासून आयसीयूत होता. कावीळ विकोपाला गेली होती.

“डॉक्टर म्हणले, पंधरा दिवस झाले असतील, डोळे पिवळे कुनालाच कसे दिसले न्हाईत? म्हनून मोठ्या पडद्यावर बघावं म्हणलं. मोबाईल बारका, माझी नजर अधू. पर हितं बी काईच दिसंना.”

अरीबने माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

“पोरगं फोनवर म्हनत व्हतं, मळमळायलंय, घरी येतो. मीच म्हणलं, तोंड तर चांगलं दिसून राहिलंय, परीक्षा होऊ दे. सख्ख्या आईला कळलं न्हाई, भाऊ.”

हा व्हिडिओ दुरुस्त केला तो रविवार अरीबला लख्ख आठवत होता. चेहरा पिवळा दिसला तेव्हा आधी त्याने खापर ट्यूबलाइटवर फोडलं. पण मागची भिंत पांढरी होती, शर्ट पांढरा होता; पिवळा होता तो फक्त मुलगा. अजून सव्वीस मुलं बाकी होती. त्याने चेहऱ्यापुरता पिवळेपणा काढला, गालांना चिमूटभर लाली दिली, डोळे वेगळे धुऊन काढले. चार मिनिटांचं काम. वर स्वतःवरच खूश होऊन तो चहा प्यायला गेला होता.

शिवकांताबाई उठल्या.

“जाते. आता डोळेच तपासून घेते.”

तो गप्प बसला असता तर त्या गेल्या असत्या आणि कुणाला काही कळलं नसतं.

“मावशी, बसा. तुमचे डोळे चांगले हायत.”

त्याने एक बटण दाबलं. रंगांची सगळी दुरुस्ती निघून गेली. शर्ट होता तसाच पांढरा राहिला. चेहरा आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

“खरं हे हाय. रंग मी बदलला.”

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, मुलाच्या डोळ्याखाली. बराच वेळ ते तिथेच होतं.

“तुमाला दिसलं व्हतं?”

“हाव.”

त्यांनी पिशवी उचलली. दाराशी चपला घालता घालता त्या थांबल्या.

“व्हिडिओ धाडला तवा माझा नंबर व्हता की तुमच्याकडं.”