सर्व अटी जुळल्या तरच

धाकट्याने भुवईवरच्या खुणेची अट बाहेरच्या कंसातून उचलली, आतल्या कंसात टाकली आणि ‘शोधा’ हे बटण दाबलं. गेले दोन महिने या जागी ‘एकही नोंद नाही’ असंच उमटत होतं. आज एक नोंद आली.

ती त्याने लगेच उघडली नाही. बाटलीतलं घोटभर पाणी प्यायला, झाकण घट्ट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

हे संकेतस्थळ बेपत्ता माणसांच्या घरच्यांसाठी होतं. दवाखान्यांतून आणि शवागारांतून आलेल्या बिननावाच्या माणसांच्या नोंदी त्यात असत. घरच्यांनी वय, उंची, खुणा, कपडे असे रकाने भरायचे आणि शोधायचं. नोंदी गाळून दाखवणारा पहिला फिल्टर धाकट्यानेच लिहिला होता आणि लिहिताना मोठा शहाणपणा केला होता: भरलेली प्रत्येक अट जुळली तरच नोंद दाखवायची. त्यामुळे झालं असं, की आपल्या माणसाबद्दल ज्याला जितकं जास्त आठवे, तितकं त्याच्या हाती कमी लागे. दवाखान्यातल्या कुणी शर्टाचा रंग चुकीचा लिहिला, की सगळंच मुसळ केरात. तक्रारींचा ढीग साचला तेव्हा कुठे हा नवा फिल्टर करायला घेतला. वय आणि उंची जुळायलाच हवी. खुणा आणि कपडे आतल्या कंसात, त्यांतलं एक जुळलं तरी पुरे.

चाचणीसाठी तो दादाचीच माहिती भरायचा. दादा चार वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. ही नोकरी धाकट्याने त्याच्यासाठीच धरली होती. काही रकाने रिकामे सोडले तर जास्त नोंदी येतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दादाची एकही खूण गाळायला त्याचा हात धजावला नव्हता. खरं सांगायचं तर त्याला काही सापडायलाच नको होतं.

त्याने नोंद उघडली. वय अंदाजे पस्तीस. डाव्या भुवईवर जुना व्रण. रस्त्याच्या कडेला बेशुद्ध सापडला, तीन दिवस दवाखान्यात होता, शुद्धीवर आला पण नाव सांगू शकला नाही, मग गेला. कुणी न आल्याने अंत्यसंस्कार सरकारी खर्चाने. खाली फोटो होता. धाकट्याने तो एकदाच पाहिला.

“चालतंय का?” प्रमुखबाई मागे येऊन उभ्या होत्या.

“चालतंय.”

“मग आजच साइटवर चढव. लोकांनी फोन करकरून जीव नकोसा केलाय.”

“उद्या चढवू या का, मॅडम?”

“का? काही अडलंय?”

अडलं काहीच नव्हतं. चार वाजता त्याने नवा फिल्टर चढवला आणि पोटात दुखतंय म्हणून निघाला. आई रोज संध्याकाळी भाजी चिरून झाली की जुन्या लॅपटॉपसमोर बसे आणि अकराच्या अकरा रकाने भरी. तिला तो फोटो अचानक दिसायच्या आत सांगायला हवं होतं. वाटेत त्याने चार वाक्यं जुळवली, चारही मोडली.

तो पोचला तेव्हा ती बसलेली होती, चष्मा नाकावर, एका बोटाने अक्षरं शोधत.

“आई, आज राहू दे ना.”

“का रे?”

“असंच. ते बंद आहे आज.”

“चालू दिसतंय की. हे बघ, नवीनच आलंय, ‘यांपैकी कोणतीही एक’. तूच केलंस ना?”

“हो.”

“चांगलं केलंस,” ती म्हणाली आणि ‘शोधा’ न दाबताच तिने हात मांडीवर घेतला.

धाकटा तिच्याजवळ खाली बसला.

“आई, आपला दादा...”

“त्या दवाखान्यातली नर्स भली बाई आहे,” आई म्हणाली. “तिला आठवत होता तो. पाणी दिलं की दोन्ही हातांनी पेला धरायचा म्हणाली.”

धाकट्याने झटकन वर पाहिलं.

“तू तिथे गेली होतीस? कधी?”

“गेल्या वर्षी. तू कामावर होतास. एकेक रकाना सोडून बघत गेले, तेव्हा आला.”

“मग रोज का भरत बसायचीस?”

“दारातून आत आलास की तू आधी माझ्याकडे बघायचास. मी भरत असले की तुझा चेहरा जरा सैल व्हायचा.” तिने चष्मा काढला. “म्हटलं, एकाला तरी आशा राहू दे.”

त्याने तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचं रडून कधीच झालं होतं, आणि तेही एकटीने, या विचाराने त्याला आणखीच भरून आलं.

टेबलावरचा त्याचा फोन वाजला. तो उठेना, म्हणून आईनेच उचलून, हात लांब करून वाचला. प्रमुखबाईंचा निरोप होता. नव्या फिल्टरमुळे दोन तासांत दोनशे बारा नोंदी जुळल्या होत्या, आणि त्यांनी त्याचं मनापासून अभिनंदन केलं होतं.

“दोनशे बारा घरं,” आई म्हणाली, आणि तिने फोन पालथा ठेवला.