पडण्याचा नमुना

लिफ्ट बंद पडण्याआधी कुरकुरते. ती कुरकुर ऐकायचं काम तिने अकरा वर्षं केलं. यंत्राला छोटा सेन्सर चिकटवायचा, थरथर मोजायची आणि कुठला भाग कधी दगा देणार ते आधीच सांगायचं. मग तिची आई न्हाणीघरात पडली. वडील बाहेर गेले होते, ही कामावर होती, आणि आई साडेतीन तास फरशीवर एकटी पडून राहिली. त्या दुखण्यातून ती उठली नाही. तेव्हा हिच्या मनाने घेतलं, की लिफ्टची कुरकुर कळते तर माणसाचं पडणं का कळू नये? घराच्या फरशीला चार सेन्सर लावायचे, घरातल्या माणसाची पावलं ओळखायची आणि कोणी पडलं की शेजारच्यांच्या फोनवर भोंगा वाजवायचा. कल्पना सरळ होती. पण हातची नोकरी सोडून पळत्याच्या पाठी लागायचं तर चार जाणती माणसं पाठीशी हवीत, म्हणून ती शहरातल्या स्टार्टअपवाल्यांच्या गुरुवारच्या बैठकीला जाऊ लागली.

बैठक एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरे. लांब टेबलं, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद, फुकटची कॉफी आणि तीस-चाळीस माणसं, सगळी पहिल्या भेटीपासून अरे-तुरे करणारी. बैठक चालवणारा माणूस दोन कंपन्या उभ्या करून, विकून मोकळा झाला होता. त्याला सगळे मुकादम म्हणत आणि त्यालाही ते आवडे. हिचं नाव पहिल्याच संध्याकाळी 'लिफ्टवाली' पडलं. रिवाज असा, की सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने एक गोष्ट मागायची, एक द्यायची. तिला महिन्याभरात सर्किट बनवून देणारा मिळाला, प्रोग्रॅम तपासून देणारी मिळाली, आणि कुणी चहासुद्धा मागितला नाही. त्यांचा चांगुलपणा खोटा असता तर तिने तो वेळीच ओळखला असता. पण तो खरा होता, आणि तिथेच ती फसली.

दुसरा रिवाज यंत्राचा होता. नुसती चित्रं दाखवायची नाहीत, चालतं यंत्र दाखवायचं. "खरं दाखव," एवढंच मुकादम म्हणे. एकदा गरम हातमोजे बनवणारा एकजण मनगटापर्यंत पट्टी बांधून आला. हातमोजा त्याने स्वतःच्याच हातावर तापवून पाहिला होता. तापमान कुठवर गेलं ते त्याने अभिमानाने सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात बरा होईल का, असं कुणी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही, तीही टाळ्याच वाजवत होती.

घरी वडील होते. कपबशांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचा जन्म गेला, म्हणजे चांगले कप ठरलेल्या उंचीवरून पाडायचे आणि फुटले का ते लिहून ठेवायचं. "मला फोडाफोडीचा पगार मिळायचा," असं ते सांगत. बायको गेल्यावर ते बोलायचे कमी झाले होते. फरशीला सेन्सर लागले आणि पडद्यावर आपली पावलं उमटताना दिसू लागली, तसे ते पुन्हा खुलले. मुलगी घरात नसताना ते दोन फेऱ्या जास्तच मारायचे, तेवढीच तिला मदत.

वर्षाच्या शेवटी मोठं प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून वृद्धाश्रम चालवणाऱ्या एक बाई येणार होत्या आणि त्यांना पटलं तर त्यांच्या दोनशे खोल्यांत हिचं यंत्र बसणार होतं. नाही पटलं तर पुन्हा लिफ्ट. मुकादमाने सुचवलं, की घरातल्या फरशीचा आलेख थेट सभागृहाच्या पडद्यावर दाखवायचा. वडिलांनी ठरल्या वेळी खुर्चीतून उठायचं, खिडकीपर्यंत चालत जायचं, स्टुलावरची वाळूची गोणी ढकलून द्यायची आणि खुर्चीत परत यायचं.

रंगीत तालमीला गोणी पडली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनवर भोंगा वाजला. काकू जिने चढून, किल्लीने दार उघडून धापा टाकत आत आल्या, तर समोर गोणी आणि शेजारी हसणारा म्हातारा.

"मेले मी तुमच्यापायी!" काकू करवादल्या. "वाळूसाठी पळवताय होय मला?"

म्हणून प्रदर्शनाच्या दिवसापुरता भोंगा बंद ठेवायचं ठरलं. काकूंना त्रास नको, आणि खरं सांगायचं तर मध्येच काकूंची पावलं पडद्यावर धावायला नकोत.

पण तालमीचा आलेख पाहून मुकादमाने मान हलवली. "गोणी गोणीसारखीच पडते. एकच ठोका. त्या बाईंचा जन्म म्हाताऱ्यांत गेलाय, त्यांना लगेच कळेल. खरं नाही हे."

इथेच घोडं पेंड खात होतं आणि तिला ते माहीत होतं. जेवताना तिने वडिलांपुढे सगळा राग काढला.

"मग माणूस कसा पडतो?" वडिलांनी विचारलं.

"तीन ठोके येतात. आधी हात टेकतो, मग गुडघा, मग कंबर. आणि मग थोडा वेळ काहीच नाही."

"कुठल्या कुशीवर?"

"कुठल्याही. समजा, उजव्या."

"हात आधी," ते म्हणाले. "मग गुडघा."

तिने कागद ओढून रेघा काढून दाखवल्या. शिकवायला मिळालं की ती रंगून जाई. वडिलांनी कागद घडी करून खिशात ठेवला, तेही तिने पाहिलं आणि तिला बरं वाटलं, की घरात कुणाला तरी आपल्या कामाची कदर आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पाच वाजून वीस मिनिटांनी मोठ्या पडद्यावरची सरळ रेघ हलली. वडील खुर्चीतून उठले. एकेक पाऊल उमटत गेलं, लोक पुढे वाकून बघू लागले, तिचा आवाज ठाम होता. खिडकीपाशी पावलं थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली.

मग तीन ठोके आले. हात, गुडघा, कंबर.

आधी तिला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, आनंदच झाला. इतका सुंदर आलेख तिने कधी पाहिला नव्हता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजत होत्या तोवर ती परतीच्या पावलांची वाट पाहत होती. पावलं आली नाहीत. रेघेवर बारीक थरथर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. वडील उठत नव्हते.

पहिल्या रांगेतून वृद्धाश्रमवाल्या बाईंनी विचारलं, "ही बारीक थरथर कसली?"

मुकादम भिंतीशी उभा होता. त्याने हाताने खूण केली, चालू ठेव.

"पडल्यावर माणूस सरपटायचा प्रयत्न करतो," ती माईकमध्ये म्हणाली. "त्याची."

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. त्यानंतर तिने आणखी दोन प्रश्नांची उत्तरं दिली. दोन्ही बरोबर दिली.

जिन्यात येऊन तिने वडिलांना फोन लावला. तो वाजत राहिला. मग काकूंना लावला.

"मी बहिणीकडे आलेय गं," काकू म्हणाल्या. "आज तुझा भोंगा बंद ना, म्हटलं आज निवांत जाऊन येऊ. का? काय झालं?"

घराची दुसरी किल्ली काकूंकडेच होती. टॅक्सी मिळून घरी पोहोचायला पन्नास मिनिटं लागली. वडील खिडकीखाली उजव्या कुशीवर होते, चेहरा पांढराफटक, शुद्धीवर. गोणी स्टुलावर जशीच्या तशी होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी ऑपरेशन करू, पण या वयात छातीठोक काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तासाभरात बैठकीतली सहा माणसं दवाखान्यात हजर झाली. कुणी रक्त द्यायला तयार, कुणी ओळखीचा मोठा डॉक्टर शोधून देणारं. हातमोजेवाल्याने आपल्या उरलेल्या चांगल्या हाताने तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. मुकादमाने तिला बाजूला घेतलं.

"बाईंनी हो म्हटलंय. तू आता फक्त वडिलांकडे बघ, बाकी आम्ही आहोत." त्याने आवाज खाली आणला. "आणि तो आलेख जपून ठेव. इतका खरा नमुना कुणाकडेच नाही."

तिने त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. पण आलेख तिने टॅक्सीतच जपून ठेवला होता, तारीख, वेळ आणि 'उजवी बाजू' असं नाव देऊन.

माणसं गेल्यावर ती खाटेशी बसली. वडिलांचा हात तिने हातात घेतला. औषधाच्या गुंगीतून त्यांनी डोळे उघडले.

"आले का तिन्ही ठोके?"

"आले, बाबा." तिला रडू फुटलं. "असं कुणी करतं का? गोणी ठेवली होती ना मी!"

"गोणी खोटी होती." ते शांतपणे म्हणाले. "बाईंना पटलं?"

"पटलं."

"मग झालं तर." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पण एकावर भागेल तुझं? डावी बाजू राहिली अजून. बरा झालो, की..."

आता 'नाही' म्हणायचं होतं. लगेच म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरा आलेख उभा राहिला, डाव्या कुशीचा, शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल असा. क्षणभरच.

"नाही," ती म्हणाली. "काहीतरीच काय, बाबा. कधीच नाही."

त्या क्षणभरात ते तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि तिच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.