पूजेला मांडलेला कॉम्प्युटर

१४ टक्के

बाण आपोआप हलला.

दामिनीचा हात माउसवर नव्हता, चहाच्या कपाला होता. पांढुर्ण्यात, सासरच्या घरी, भर दुपारी. समोरच्या लॅपटॉपवर तिला सौंसरच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता, आणि त्या पडद्यावरचा बाण कुणीतरी सावकाश डावीकडे नेत होतं. खाली कोपऱ्यात हिरवी पट्टी भरत चालली होती. फाइली बाहेर जात होत्या.

स्टुडिओला कुलूप होतं. आज नवमी. स्टुडिओवाल्या केशवकाकांनी सकाळीच कॅमेरे, दिवे, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं होतं, हार घातले होते, वरून धुतलेलं कापड टाकलं होतं. आजच्या दिवशी त्या सामानाला कुणी शिवत नाही. दामिनीनेही शिवायचं नव्हतं. पण एका अल्बमची चार पानं राहिली होती, आणि चाळीसेक किलोमीटरवरून लावलेला हात हा हात धरायचा की नाही, हे अजून कुणी ठरवलंय कुठं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

बाण एका फोल्डरवर जाऊन थांबला. 'मुलींचे बायोडाटा.'

तिने कप खाली ठेवला आणि काकांना फोन लावला.

२१

"काका, स्टुडिओत आहात का?"

"नाही वं माय. जामसांवलीले आलो. दर्शनाच्या लाइनीत हावो. काहून?"

"कॉम्प्युटर कोणीतरी चालवून राहिलं."

"कसं चालवन? चाबी माह्या खिशात. अन् कापड टाकलं न त्याच्यावर!"

"कापडानं काय होते काका!"

"मंग मी त बंदच करून टाकत होतो. तूच सांगतलं, कधीच बंद करू नका, नाहीतर मले इकडून उघडत नाही म्हणून."

तिनेच सांगितलं होतं.

मधेच, पाच महिने मागे

पट्टी तिकडे भरतच आहे. पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लग्न होऊन दामिनी पांढुर्ण्याला आली तेव्हा काका म्हणाले, अल्बम तूच करायचे, कसे ते तू पाहा. लांबून कॉम्प्युटर चालवायची तीन सॉफ्टवेअर तिने घालून पाहिली. लाल चिन्हाच्याला दर वेळी सौंसरहून कुणीतरी होकाराचं बटण दाबावं लागे. "मांडवात फोटो काढू, का तुले होकार देत बसू?" हिरव्या चिन्हाचं काकांच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवी. काका चष्मा शोधेपर्यंत आकडे शिळे. निळ्या चिन्हाचं मात्र गुणी निघालं. एक नंबर, एक कायमचा पासवर्ड, की कॉम्प्युटर उघडा. त्यातही 'दुसऱ्यांदा खात्री करावी का?' असा एक चौकोन होता. त्यातली खूण तिने काढून टाकली.

एका टिचकीत.

"हे बेस," काका म्हणाले होते. तिलाही तेव्हा आपण फार हुशार वाटलो होतो.

३८

त्या फोल्डरात लग्नाच्या मुलींचे फोटो होते. नुसते निवडलेले नाहीत, सगळे. ओढणी सावरतानाचे, कंटाळून पाय पसरलेले, खोटं हसू येईना म्हणून खरंच हसलेले. सोबत जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा नंबर. मोहगावची मानसी कॅमेऱ्यासमोर बसायलाच तयार नव्हती. दामिनीने तिचा हात धरून सांगितलं होतं, या कॉम्प्युटरच्या बाहेर काही जात नाही. प्रत्येकीला सांगितलं होतं. स्वतःच्या लग्नाआधी, स्वतःलाही.

तिने बंद करायचं बटण दाबलं. बाणाने ते रद्द केलं. तिने पुन्हा दाबलं. बाण एक, ओढणारे दोन. मग तो अचानक सैल पडला. पडद्यावर कोरं पान उघडलं आणि एकेक अक्षर उमटलं.

कौन?

तिने भाजल्यासारखा हात मागे घेतला.

५५

पासवर्ड गेला कुठून? फोन हातातच होता. काकांचं स्टेटस दिसलं: हार घातलेला कॉम्प्युटर, पुढे नारळ, 'नवमीच्या शुभेच्छा'. पडद्याच्या खालच्या कडेला काकांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. वर नंबर, खाली पासवर्ड. कुंकवाचं बोट बरोबर चिठ्ठीशेजारी. हाच फोटो फोटोग्राफरांच्या तीन ग्रुपांवरही.

लाइट घालवून उपयोग नव्हता, आत इन्व्हर्टर होता. वायर. इंटरनेटची काळी वायर शेजारच्या रघुनाथराव टेलरांच्या खिडकीवरून स्टुडिओत जाते.

६४

"मामा, तुमच्या खिडकीवरची काळी वायर कापा."

"आज?"

"आत्ता!"

"अवं बाई, कात्री पूजेत हाये. आज कात्रीले हात लावत नाही आपण. उद्या सोनं वाटलं का—"

"मामा, तुमच्या पूनमचे फोटो आहेत त्याच्यात. कोणी चोरून राहिलं."

फोनवर चपला वाजल्या. स्टूल ओढल्याचा आवाज. रघुनाथरावांचा धापा टाकणारा श्वास.

"तुटत नाही वं. लय चिवट हाये."

७३

"कात्री घ्या न मामा!"

"दातानं पाहतो."

७९

८१

काहीतरी खळकन पडलं. कौल असावं.

८३

पडदा थिजला. हिरवी पट्टी थिजली. मधोमध एक गोल चकरी फिरू लागली: संपर्क तुटला आहे.

८३

"झालं का?" रघुनाथराव विचारत होते. बोलताना तोंडातून काहीतरी थुंकले. "ओढूनच काढली. बोट कापलं थोडं. झालं का वं?"

थिजलेल्या पडद्यावर फोल्डरांची रांग तशीच उभी होती. जे गेलं त्याच्यापुढे खूण. तृप्ती, खूण. दामिनी, खूण. पूनम, खूण. मानसीपुढे अर्धी भरलेली पट्टी. सोनालीपुढे काही नाही.

हा पडदा फक्त तिलाच दिसत होता. लॅपटॉपवरची ही चौकट मिटली की तोही जाणार. पूनम वाचली म्हणून सांगितलं असतं तर सौंसरात कुणी पडताळायला येणार नव्हतं, निदान ते फोटो कुठून तरी परत येईपर्यंत.

"बोल न पोरी. आमची पूनम वाचली का?"

चकरी फिरत होती.

"गेली, मामा," दामिनी म्हणाली. "माझीही गेली. चूक माझी आहे. पोलिसांत जाऊ, मी येते पुढच्या गाडीनं."

स्टुलावरून उतरल्याचा आवाज, मग घरात जाणाऱ्या चपला.

"मले हे तिले सांगता येत नाही," रघुनाथराव म्हणाले. "तूच सांग. देतो."

फोन हातातून हातात गेला. मागे परातीचा आवाज, कुणाचं तरी हसणं, आणि मग अगदी कानाशी पूनम:

"दामिनीताई! झाले का माझे फोटो?"