वाणातली बॅटरी

अंबूताईंना सगळी गल्ली अंबूअक्का म्हणायची, आणि त्या समोर असल्या की जरा हळू म्हणायची. मळमड्डीतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या चाळण्या नि साबणाच्या डब्या वाटतात, याचा अक्कांना मनापासून राग. "माझ्याकडे अकरा चाळण्या झाल्या, पीठ कुणी देत नाही," असं त्या चारचौघींत म्हणायच्या.

त्या वर्षी वीज रोज जायची, तीही नेमकी दिवेलागणीला. म्हणून अक्कांनी सुभाष रोडवरून बोटभर लांबीच्या लाल बॅटऱ्या आणल्या, कमरेला खोचता येतील अशा. दुकानदाराला एकेक लावून दाखवायला लावली. शेवटी तो म्हणाला, "अक्का, सगळ्या इथंच लावून बघितल्या तर घरी नुसती डबडी न्याल."

त्यातलीच एक त्यांनी सून हेमावती माहेरी बेळगावला निघाली तेव्हा तिला दिली होती. हेमावती परतली ती हळदीकुंकवाच्या दिवशीच, दुपारी. बसमधून उतरलेल्या अंगाने घरात कशाला शिवायची सोय नव्हती. तिने पिशवी पडवीत टेकवली, वाटभर मुठीत धरलेली बॅटरी खिडकीत ठेवली आणि सरळ न्हाणीत गेली.

सोवळ्यातल्या अक्कांना खिडकीत लाल काहीतरी दिसलं. एक बाहेरच राहिली की, असं पुटपुटत त्यांनी बॅटरीवर पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तबकात बाकीच्यांच्या शेजारी ठेवून दिली. संध्याकाळी सगळ्या बॅटऱ्या पदरापदरात गेल्या.

बायका उठून गेल्यावर हेमावती खिडकीपाशी आली.

"आत्याबाई, इथली बॅटरी?"

"वाटली की."

हेमावती होती तिथेच खाली बसली. त्या बॅटरीत सेल नव्हते. तिच्या आईने सेल काढून आत कापसात गुंडाळलेली आजीची मोत्यांची नथ घातली होती. बसमध्ये पर्स मारतात, गळ्यातलं ओढतात, पण बॅटरी कोण चोरतंय, असा आईचा हिशेब.

"नथ ठेवायला तुमच्या घरात डबी नाही?"

"डबी चोर उघडून बघतो, आत्याबाई."

"आणि बॅटरी सासू उघडून बघत नाही, हे तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही वाटतं."

बोलायला बोलल्या, पण नथ परत आणायची कशी? दिलेलं वाण परत मागायचं नसतं. गेल्याच वर्षी एकीने फुटका डबा बदलून देते म्हटलं, तर तिला अक्कांनीच चार बायकांत झोडलं होतं. आता मागायचं तरी कुठल्या तोंडाने? मग त्यांना सुचलं. सेल नसलेली बॅटरी लागणारच नाही. जिची लागत नाही तिच्याकडे नथ. मागायचंही नको, नुसतं विचारायचं.

दुसऱ्या दिवशी तिळगूळ राहिला म्हणून त्या घरोघर गेल्या.

"लख्ख पडतो उजेड," पार्वती म्हणाली.

"काल वीज गेली तर तुमच्याच बॅटरीवर भात उतरवला," मालती म्हणाली.

पलीकडच्या कोपऱ्यावर शाळामास्तरांची बायको कमल राहायची. ती तर म्हणाली, "डोळे दिपतात अक्का, डोळे."

साऱ्या गल्लीत एकीची बॅटरी बंद नव्हती. अक्का घरी येऊन पायरीवर बसल्या. सगळ्यांच्या बॅटऱ्या लागतात, तर न लागणारी गेली कुठे? कावळ्याने नेली? हेमावतीला दिलेल्या बॅटरीत आपोआप सेल उगवले?

"तू नक्की आणलीस ना?" त्यांनी सुनेला विचारलं. "का आई देते म्हणाली आणि तू दिलीच असं धरून चाललीस?"

"माझ्या हातात होती, आत्याबाई."

"बॅटरी होती. नथ होती का?"

हेमावतीने नुसतं बघितलं. अक्कांना ते बघणं दिवसभर पुरलं. सारात मीठ दोनदा पडलं. देवाला नैवेद्य दाखवला की नाही आठवेना, म्हणून परत दाखवला. एकदा वाटायचं सून खोटं बोलते, एकदा वाटायचं गल्ली खोटं बोलते, आणि मधेच वाटायचं आपणच त्या दिवशी खिडकीत बॅटरी पाहिलीच नाही.

रथसप्तमीला कमलकडे हळदीकुंकू होतं. सासूसुना जरा लवकरच पोचल्या. "बर्री अक्का, बर्री," असं कानडीत या, या म्हणत कमल दारात आली, आणि तिच्या नाकात हेमावतीची नथ होती.

अक्कांचे पाय उंबऱ्यातच राहिले. कमलने वाकून नमस्कार केला आणि आवाज खाली आणला.

"संक्रांतीत लाडवात नाणं दडवून देतात, तसं तुम्ही बॅटरीत दडवून दिलंत. गुप्तदान देणाऱ्याने विचारू नये नि घेणाऱ्याने बोलू नये, म्हणून त्या दिवशी तुम्ही विचारलंत तरी मी आपलं उजेड लख्ख म्हणून सांगितलं. गल्ली म्हणते, अंबूअक्का हातातून बडीशेप सुटू देत नाही. मी आता कुणाचं ऐकून घेणार नाही."

एवढं ऐकल्यावर माणसाने काय बोलावं? अक्कांना बोलायचं होतं एक, आणि कानावर आपलाच आवाज आला, "असू दे गं. वापर."

हळद लागली, कुंकू लागलं, ओटीत काहीतरी पडलं. काय पडलं ते अक्कांनी पाहिलंही नाही. फाटकाबाहेर आल्यावर हेमावती थांबली.

"आत्याबाई, ती नथ माझी होती."

"ठाऊक आहे मला."

"मग दान कुणी केलं?"

अक्कांनी तोंड उघडलं. एरवी या तोंडातून उत्तर आधी यायचं, प्रश्न मागून. आज नुसते प्रश्नच येत राहिले. आपण दिली? आपली नव्हती. आपण नाही दिली? मग "वापर" कोण म्हणालं?

"मी इथंच उभी राहते," हेमावती म्हणाली.

अक्का परत फिरल्या. पायऱ्या चढताना गुडघे दुखतात असं त्या नेहमी म्हणायच्या, आज ते म्हणायचंही राहून गेलं. कमल ओसरीवर सतरंजी सरळ करत होती.

"कमळे, मी खोटं बोलले. गुप्तदान नाही न् काही नाही. नथ हेमावतीची, आणि चूक माझी. वाण परत मागतेय म्हण, काय म्हणायचं ते म्हण."

कमलने नाकाला हात लावला, नथ काढली, पदराने पुसली आणि अक्कांच्या तळहातावर ठेवली.

"आमचे हे म्हणालेच होते, अंबूअक्का आणि नथ? नीट विचार. पण गुप्तदान विचारायचं कसं, सांगा." ती उठली, आतून लाल बॅटरी घेऊन आली. "नथ न्या, अक्का. पण हिच्यात सेल तेवढे घालून द्या. बायका यायच्या वेळेलाच वीज जाते."

अक्कांनी नथ पदराच्या टोकाला बांधली. ही आपल्याला हसते आहे, का खरंच सेल मागते आहे, काही केल्या उमगेना.

"आण इकडं," शेवटी त्या म्हणाल्या आणि बॅटरी कमरेला खोचली.